युरोझोनचं कर्जसंकट संपलं, की नुसतं नवं-जुनं झालं?

खातेवही (धागालेखक)

जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी ३१ वर्षं गेली. मार्च जवळ आला की आमच्याकडे ‘नवं-जुनं’ सुरू व्हायचं. पीककर्ज फेडायला शेतकऱ्याकडे पैसे नसायचे. मग तो कुणाकडून तरी चार दिवसांसाठी उसनवारी करायचा, जुनं खातं भरायचा, आम्ही लगेच नवं कर्ज मंजूर करायचो आणि त्यातून उसने परत जायचे. वहीत थकबाकी शून्य. त्याच्या डोक्यावर मात्र तेवढंच कर्ज, वर व्याजाची भर.

निवृत्तीनंतर गेली दोन वर्षं मी ग्रीस आणि एकूण युरोझोनच्या (म्हणजे युरो हे चलन वापरणाऱ्या देशांच्या) कर्जसंकटावर मिळेल ते वाचतो आहे. ‘संकट संपलं’ असं वाचलं की मला तो मार्च महिना आठवतो. म्हणून हा धागा.

थोडक्यात उजळणी. ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसमध्ये नवं सरकार आलं आणि आधी सांगितलेली सरकारी तूट खोटी होती हे बाहेर आलं. शेवटी त्या वर्षीची तूट जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या) १५ टक्क्यांच्या वर निघाली. २३ एप्रिल २०१० रोजी पंतप्रधान पापांद्रेऊ यांनी कास्टेलोरिझो नावाच्या छोट्या बेटावर उभं राहून मदत मागितली. मे महिन्यात ११० अब्ज युरोंचं पॅकेज ठरलं : ८० अब्ज युरो युरोझोनच्या देशांचे, ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. त्यातला मोठा हिस्सा मुदत भरलेले जुने रोखे (सरकारने कर्ज उभारायला विकलेले कागद) आणि त्यांवरचं व्याज चुकवण्यात गेला. हे रोखे होते कुणाकडे? बऱ्याच अंशी फ्रेंच आणि जर्मन बँकांकडे. दोन वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, खाजगी रोखेधारकांच्या मुद्दलाला ५३.५ टक्के कात्री लागली. तोपर्यंत बाहेरच्या बँकांनी आपला बोजा बराच हलका केला होता. सगळ्यात मोठा घाव बसला तो ग्रीसच्याच बँकांना आणि पेन्शन फंडांना.

मग दुसरं पॅकेज, २०१५ ला तिसरं, आणि २० ऑगस्ट २०१८ रोजी ग्रीस मदत कार्यक्रमातून बाहेर पडला. पण बाहेर पडताना काय झालं ते पाहा. तात्पुरत्या युरोपीय बचाव निधीच्या सुमारे ९६ अब्ज युरोंच्या कर्जाची मुदत १० वर्षांनी वाढवली आणि त्यावरचं व्याज २०३२ पर्यंत पुढे ढकललं. आज ग्रीसच्या कर्जाची सरासरी मुदत २० वर्षांच्या आसपास आहे आणि बहुतेक कर्ज सरकारी सावकारांचं आहे. म्हणजे कर्ज फिटलेलं नाही. सावकार बदलला आणि तारीख पुढे गेली.

मुदत वाढवण्याला माझा विरोध नाही. आम्ही ‘पुनर्गठन’ केलेली कितीतरी खाती पुढे नीट चालली आहेत. पुनर्गठनात माणसाला पीक घ्यायला वेळ मिळतो. नवं-जुनं केल्याने फक्त वही सुधारते. युरोपात यातलं नेमकं काय झालं? माझं मत : सरकारांचं पुनर्गठन झालं, घरांचं नवं-जुनं. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड

विषय महत्त्वाचा आहे, पण निष्कर्षाशी असहमत. ‘संकट’ या शब्दाचा अर्थ आपण घट्ट धरायला हवा. २०१०-१२ चं संकट म्हणजे या देशांना बाजारात कुणी कर्ज देत नव्हतं आणि युरो फुटतो की काय अशी भीती होती. त्या अर्थाने ते संपलं आहे.

ग्रीसचं कर्ज २०२० मध्ये जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या वर होतं, २०२४ अखेर ते सुमारे १५४ टक्क्यांवर आलं. एवढ्या वेगाने कर्ज उतरल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. २०२४ साली व्याज भरूनही सरकारकडे शिल्लक राहिली. नाणेनिधीचं कर्ज एप्रिल २०२२ मध्ये मुदतीच्या दोन वर्षं आधीच पूर्ण फेडलं. पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या ऐपतीला मानांकन संस्था देतात तो दर्जा) २०२३ मध्ये पुन्हा गुंतवणूकयोग्य झालं आणि मार्च २०२५ मध्ये मूडीज या संस्थेनेही मान्यता दिली. पोर्तुगालचं कर्ज १०० टक्क्यांच्या खाली आलं आहे, सायप्रसचं त्याहून बरंच खाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर फ्रान्सला १० वर्षांच्या रोख्यांवर ग्रीसइतकंच व्याज द्यावं लागलं. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियानेही युरो घेतला. बुडत्या जहाजावर नवा प्रवासी चढत नाही.

नवं-जुनं करणारा कर्जदार मुदतीआधी हप्ते भरतो का, काका?

वनराई

वाचतेय. दोन्ही प्रतिसाद आवडले. रोखे आणि व्याजदर यांचं नातं कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? ‘व्याज ७ टक्क्यांवर गेलं’ असं वाचतो, म्हणजे जुन्या कर्जाचाही दर वाढतो का?

आकडेमोड

@वनराई, नाही. जुन्या रोख्याचा दर ठरलेला असतो. पण सरकारं मुद्दल सहसा कमाईतून फेडत नाहीत, मुदत भरली की नवे रोखे विकून जुने चुकवतात. त्यामुळे आजचा दर ७ टक्के झाला की दरवर्षी कर्जाचा एकेक तुकडा महाग होत जातो. जुलै २०१२ मध्ये स्पेनचा दर साडेसात टक्क्यांपर्यंत गेला होता. तो तसाच राहिला असता तर देश अंगापिंडाने ठीक असूनही व्याजानेच बुडाला असता. घबराटीमुळे दर वाढतो, दर वाढल्यामुळे घबराट वाढते.

२६ जुलै २०१२ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी लंडनमध्ये बोलले : युरो वाचवण्यासाठी जे काही करावं लागेल ते आम्ही आमच्या अधिकारात करू, आणि विश्वास ठेवा, ते पुरेसं असेल. सप्टेंबरमध्ये रोखेखरेदीची योजना जाहीर झाली. त्या योजनेखाली आजवर एक युरोचाही रोखा घ्यावा लागलेला नाही. तरी दर उतरले.

खातेवही (धागालेखक)

@आकडेमोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. सरकारच्या बाबतीत मी पुनर्गठन झालं असंच म्हटलंय. आणि द्रागींचं तुम्ही सांगितलंत ते तर आमच्या रोजच्या कामातलं आहे. जामीनदार भक्कम असला की कर्जदाराच्या दारात कुणी तगाद्याला जात नाही. जामीनदाराला खिशात हात घालावाच लागत नाही.

पण मी घरांविषयी बोलतोय. २०१६ च्या सुमारास ग्रीक बँकांची जवळपास निम्मी कर्जं थकीत होती. निम्मी! मी ज्या शाखेत होतो तिथे १२ टक्के थकबाकी झाली तर वरून माणसं यायची. आज तिथल्या बँकांचं थकबाकीचं प्रमाण एक आकडी आहे. कसं झालं? २०१९ च्या शेवटी ‘हर्क्युलिस’ नावाची योजना आली. थकीत कर्जांचे गठ्ठे बांधून सरकारी हमीच्या आधाराने ते गुंतवणूक फंडांना विकले. बँकेच्या वहीतून कर्ज गेलं. ज्या माणसाने घरासाठी ते घेतलं होतं, त्याच्या डोक्यावरून गेलं नाही. आता त्याला बँकेऐवजी वसुली कंपनीचं पत्र येतं आणि घराचा लिलाव ऑनलाइन होतो.

कर्ज घेताना त्याचा पगार एक होता, फेडताना दुसराच झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६ केलं, पंचविशीच्या आतल्यांना ५११. पगार कापला, पण हप्ता तेवढाच राहिला. कर्ज विभागात बसलेल्या कुणालाही विचारा, याचा शेवट काय होतो.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीत. आमच्या भागातली कितीतरी मुलं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काम करतात, त्यामुळे अथेन्सजवळचं पिरेयस बंदर आम्हाला परकं नाही. २०१५ च्या जुलैत आमचं जहाज तिथे होतं. बँका बंद. एटीएममधून दिवसाला ६० युरो एवढीच मुभा. परदेशी कार्डांना ती मर्यादा नव्हती, पण त्याचा उपयोग काय, मशीनमध्ये नोटा हव्यात ना. वीसच्या नोटा संपल्या की लोकांच्या हातात ६० ऐवजी ५० यायचे. सकाळी सातला रांगेत म्हातारी माणसं उभी असायची. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. ती शांतता मला जास्त लागली.

गोदीबाहेर सिमकार्ड आणि किरकोळ सामान विकणारं एक दुकान होतं, मालक साठीचे. २०१० पासून मी त्यांच्याकडे जायचो. २०१५ च्या त्या खेपेला त्यांनी मला सामान दिलं आणि पैसे पुढच्या खेपेला दे म्हणाले. माझ्याकडे पैसे होते, त्यांच्याकडे नव्हते, तरी. ५ जुलैला सार्वमत झालं, ६१ टक्के लोकांनी धनकोंच्या अटींना नाही म्हटलं. आठवडाभरात सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. दुकानदार एवढंच म्हणाले, की आम्ही मत दिलं तेव्हा घर मोकळं वाटलं होतं.

मला रोख्यांमधलं कळत नाही. पण त्या बंदरात २०१६ मध्ये चिनी कंपनी कॉस्कोने ५१ टक्के हिस्सा घेतला, आता तो ६७ टक्के आहे. बंदर आज जोरात चालतं, क्रेन नव्या आहेत, काम वाढलंय, हे मी डोळ्यांनी पाहतो. ते दुकान मात्र २०१७ ला बंद झालेलं होतं.

घाटमाथा

आपल्याकडच्या १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटाशी तुलना करून पाहायला हवी. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण पाठवलं. मुंबईतून सोनं बाहेर जातंय ही बातमी आली तेव्हा आमच्या घरी आजी रडली होती, मला अजून आठवतं. पण त्याच महिन्यात, १ आणि ३ तारखेला, रुपयाचं अवमूल्यन झालं. त्रास झाला, पण तो सगळ्या देशात पातळ पसरला, आणि निर्यातीला हात मिळाला.

ग्रीसकडे द्राख्मा, म्हणजे युरोआधीचं स्वतःचं चलन, उरला नव्हता. चलनाची किंमत उतरवता येत नाही म्हटल्यावर माणसांची किंमत उतरवली : पगार, पेन्शन, नोकऱ्या. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांश आटली, बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तरुणांमध्ये निम्म्याहून अधिक. आणि हे औषध जास्त कडक होतं हे नंतर वैद्यांनीच कबूल केलं. जानेवारी २०१३ मध्ये नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं, की काटकसरीने उत्पन्न किती घटेल याचा अंदाज बांधताना चूक झाली, प्रत्यक्ष घट धरलेल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती. चूक छापून आली, पण कापलेल्या पेन्शनी परत आल्या नाहीत.

इसारकाठ

गेली १४ वर्षं म्युनिकला राहते. इथली बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

सावकार-कर्जदार ही चौकट वापरली की सावकार आपोआप खलनायक होतो. पण हा सावकार कोण होता? युरोझोनमध्ये स्लोव्हाकियाही होता, ज्याचा सरासरी पगार ग्रीसपेक्षा कमी. त्यांनी २०१० मध्ये ग्रीसच्या पहिल्या कर्जात वाटा द्यायला नकार दिला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये युरोपीय निधी वाढवण्याच्या मुद्द्यावर त्यांचं सरकारच पडलं. ज्याला स्वतःला कमी पगार मिळतो त्याने जास्त पगारवाल्याला जामीन का राहावं, हा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. तुटीचे आकडे लपवले होते, हेही विसरता कामा नये.

तरी एक गोष्ट इथल्या मित्रांना मी नेहमी सांगते. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि जर्मनीचं युद्धाआधीचं व नंतरचं परदेशी कर्ज साधारण निम्म्याने कमी केलं गेलं. उरलेल्याचे हप्ते देशाला झेपतील असे बांधले. त्या करारावर सही करणाऱ्या धनको देशांत ग्रीस होता. इथल्या माझ्या पिढीच्या बहुतेक लोकांना हे ठाऊकच नाही.

डब्लिनकर

आयर्लंडची गोष्ट वेगळी आहे, तिचा उल्लेख झाला नाही म्हणून.

इथल्या सरकारची वही २००७ पर्यंत बहुतेक वर्षं शिलकीत होती. बुडाल्या त्या बँका, घरबांधणीच्या कर्जांमुळे. सप्टेंबर २००८ च्या शेवटी एका रात्रीत सरकारने सगळ्या मोठ्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली. अखेर बँकांत ओतलेली रक्कम झाली ६४ अब्ज युरो, म्हणजे तान्ह्या मुलासकट माणशी साधारण १४ हजार. २०१० ची तूट जीडीपीच्या ३२ टक्के! म्हणजे कर्ज खाजगी होतं आणि ते सरकारी झालं.

खातेवही काका, तुमच्या नवं-जुनंचं अगदी नमुनेदार उदाहरण इथे आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये संसदेने रात्रभर बसून जुन्या अँग्लो आयरिश बँकेचं उरलंसुरलं रूप गुंडाळलं, आणि तिच्यासाठी सरकारने दिलेल्या वचनचिठ्ठ्यांच्या (पुढे पैसे देण्याच्या लेखी वचनांच्या) जागी ४० वर्षांपर्यंतचे सरकारी रोखे दिले. मुद्दल तेच, तारीख २०५३ पर्यंत.

जीडीपीच्या टक्केवारीवर इथे फार विसंबू नका, @आकडेमोड. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता इथल्या वहीत आणली, बाकी आमच्या गल्लीत काही बदललं नव्हतं. म्हणून इथलं सांख्यिकी कार्यालय आता वेगळा, गाळलेला आकडाही काढतं.

आणि पगाराच्या पावतीवर एक ओळ आहे : युनिव्हर्सल सोशल चार्ज. २०११ मध्ये संकटकाळात लावलेला कर. दर थोडे उतरले, ओळ आजही आहे. संकटात घरबांधणी जवळजवळ थांबली, गवंडी-सुतार ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेले, आणि आज भाड्याने खोली मिळणं मुश्कील. नवीन येणाऱ्या मराठी मुलांना पहिले दोन महिने आमच्याच बैठकीच्या खोलीत झोपवतो. त्या मुलांना मी सांगतो, की ही खोलीची रांग २००८ पासून लागलेली आहे.

वनराई

@डब्लिनकर, शेवटचा परिच्छेद मनाला लागला. माझा भाचा तिकडेच निघालाय.

आकडेमोड

घरांच्या बाबतीत मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. ग्रीसचं वास्तव (महागाई वजा करून) उत्पन्न अजूनही २००८ च्या पातळीला पोचलेलं नाही, आणि खरेदीक्षमतेत दरडोई उत्पन्न युरोपीय संघाच्या सरासरीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बल्गेरियाच्या पंगतीत आहे. शिवाय २०२१ नंतरच्या महागाईने कर्जाचं प्रमाण उतरायला मोठा हातभार लावला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे काही कर्ज लोकांनी बाजारात दूध-भाजी घेतानाच फेडलं.

पण रचना सुधारली हे मान्य करा. तेव्हा कायमचा बचाव निधीच नव्हता. ऑक्टोबर २०१२ पासून ५०० अब्ज युरोंची क्षमता असलेला निधी आहे. नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांवर एकच देखरेख आहे. २०२० मध्ये साथीच्या वेळी सगळ्यांनी मिळून ७५० अब्जांचं सामायिक कर्ज उभारायचं ठरवलं, जे २०१० मध्ये उच्चारायचीही सोय नव्हती.

खातेवही (धागालेखक)

मान्य. २०२० चा निर्णय मला या सगळ्या कथेतला सर्वांत आशेचा वाटतो.

पण दोन खिळे ढिले आहेत. एक, ठेवींचा सामायिक विमा. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रस्ताव आला, तो तसाच पडून आहे. मार्च २०१३ मध्ये सायप्रसमध्ये एक लाख युरोंवरच्या ठेवींना कात्री लागली. मोठ्या बँकेत त्या रकमेच्या ४७.५ टक्क्यांचे शेअर्स हातात ठेवले. ठेवीदाराचा विश्वास उडाला की काय होतं हे आपल्याकडे पतसंस्था बुडालेल्या गावांना विचारा. तो विश्वास पुन्हा बसायला पिढी जाते.

दुसरा खिळा म्हणजे जामीनदार. त्या ५०० अब्जांच्या निधीत सर्वांत मोठा वाटा जर्मनीचा, सुमारे २७ टक्के, आणि त्याखालोखाल फ्रान्सचा, सुमारे २० टक्के. फ्रान्सचं स्वतःचं कर्ज ३,३०० अब्ज युरोंच्या वर गेलंय, २०२४ ची तूट ५.८ टक्के होती, सप्टेंबर २०२५ मध्ये काटकसरीच्या अंदाजपत्रकावरून तिथलं सरकार पडलं आणि त्याच शरद ऋतूत पतमानांकनही उतरलं. फ्रान्स म्हणजे ग्रीस नाही, तिथे करवसुली चालते, बाजारात दर अजून आवाक्यात आहेत. पण ५०० च्या पिशवीत ३,३०० मावत नाहीत. जो दुसऱ्याला जामीन आहे तोच कर्जदार झाला, तर सगळा भार पुन्हा मध्यवर्ती बँकेच्या शब्दावर येतो. द्रागींचा शब्द तेव्हा चालला, कारण कर्जदार देश अटी मान्य करतील असं बाजार धरून होता. पॅरिसला अटी कोण घालणार?

@दर्यावर्दी, त्या दुकानदारांचं पुढे काय झालं, कळलं का कधी? तुमच्या उधारीचं?

दर्यावर्दी

पैसे २०१६ च्या खेपेला दिले, काका. त्यांनी घेतानाही हातात चार जर्दाळू ठेवले. २०१७ ला शटर बंद. बाजूच्या खानावळीत विचारलं तर म्हणाले, मुलगा जर्मनीत असतो, आई-वडील गावी गेले. एवढंच कळलं.

इसारकाठ

संकटाच्या काळात चार लाखांहून जास्त लोक ग्रीस सोडून गेले, त्यातले शिकलेले पुष्कळसे इकडे आले. माझ्या टीममध्ये एक आहे, अथेन्सचा इंजिनियर, २०१३ ला आला. तुमचा धागा वाचून काल जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, संकट संपलं का रे? परतणाऱ्यांना ग्रीस सरकार सात वर्षं निम्मा प्राप्तिकर माफ करतं, तेव्हा परत जाणार का?

म्हणाला, हिशोब दोनदा मांडून पाहिला. तिथला पगार, अर्धा कर माफ धरूनही, पुरत नाही. आई-वडिलांच्या फ्लॅटचं कर्ज २००७ चं. बँकेने ते कुठल्याशा फंडाला विकलं, त्या फंडाशी त्याने स्वतः बोलणी करून नवे हप्ते बांधून घेतले आणि ते तो इथून भरतो, दर महिन्याच्या पाच तारखेला. अजून ११ वर्षं आहेत. मग त्याने मला फोनवर त्या फ्लॅटच्या गच्चीतून दिसणाऱ्या समुद्राचा फोटो दाखवला.